खंजनाचें प्रथमदर्शन

गणपती बोळवून आठपंधरा दिवस झाले, नदीचें पाणी निवळूं लागलें आणि पंढरपूरच्या वाळवंटाची पहिली ओली पट्टी उघडी पडली, म्हणजे तिच्यावर एके दिवशीं सकाळीं एक लहानसा, करड्या पाठीचा व पांढऱ्या पोटाचा पक्षी चालतांना दिसतो. चिमणीसारखा तो उड्या मारीत नाहीं. एकामागून एक पाय टाकीत चालतो, चारदोन पावलें धांवतो, थांबतो, आणि थांबला कीं आपली लांब शेपटी खालींवर हालवितो. धोबी, परीट हीं त्याचीं आमच्याकडचीं नांवें. संस्कृत कवींचा आणि ज्योतिष्यांचा तो खंजन. आदल्या सायंकाळीं त्या जागीं तो नव्हता. आषाढीच्या वारकऱ्यास तो दिसत नाहीं. कार्तिकीच्या वारकऱ्याच्या पायांपुढून तो पळत असतो. नदीकांठीं बाराही महिने राहणारा, अंगानें थोराड व पांढऱ्या भुवईचा असा त्याचा एक भाऊबंद आहे, परंतु त्याच्याविषयीं आम्हांस येथें फारसें लिहावयाचें नाहीं. आमचा विषय हा शरदांत येणारा पाहुणा, आणि त्याच्या पहिल्या दर्शनाचा हिशेब आपल्या लोकांनीं कसा ठेवला हा आहे.

घाटावर धुणें धुणारे एक वृद्ध परीट आमच्या ओळखीचे होते. आम्ही सकाळीं फिरावयास गेलों असतां वर्षांतून एखाद्या दिवशीं ते धुण्याचा पिळा हातांत तसाच धरून म्हणत, "मास्तर, आमचा भाऊबंद उतरला बरं का!" त्यांचें हें म्हणणें कधीं चुकलें नाहीं. एकदां आम्हीं विचारलें कीं, एखाद्या वर्षीं तो उशिरां आल्याचें आठवतें काय? त्यांनीं पिळा दगडावर ठेवला आणि सांगितलें, "मोठा पूर आला त्या सालीं. वाळवंटच नव्हतं, तर उतरणार कुठं?" त्यांच्यापाशीं निदान पन्नास वर्षांचा जमाखर्च तोंडपाठ होता. तो कागदावर उतरवून घ्यावा असें आमच्या मनांत होतें. पण पुढल्या खेपेस, पुढल्या खेपेस, असें म्हणतां म्हणतां ते वारले आणि तो जमाखर्च त्यांच्याबरोबर गेला. हा दोष सर्वस्वीं आमचा. प्रस्तुत लेख लिहिण्याची बुद्धि आम्हांस झाली ती या चुटपुटीमुळेंच.

पुस्तकांतून शोधूं लागलों तेव्हां सर्वांत जुना आणि सर्वांत तपशीलवार साक्षीदार भेटला तो वराहमिहिर. हा सहाव्या शतकांतील अवंतीचा ज्योतिषी. त्याच्या बृहत्संहितेंत ग्रहतारे, पर्जन्य, भूकंप, घरबांधणी, रत्नपरीक्षा अशा नानाविध विषयांच्या दाटींत खंजनाच्या लक्षणांवर एक लहानसा स्वतंत्र अध्याय आहे. आरंभींच तो सांगतो कीं, या पक्ष्याच्या प्रथम दर्शनाचीं मुनींनीं सांगितलेलीं फळें आतां आपण सांगणार. यांतील 'प्रथम' या शब्दाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. शकुन कावळ्याचेहि पाहतात, आणि त्यांची चर्चा याच ग्रंथांत आहे. परंतु कावळा रोजचा, त्याला पहिलें दर्शन कसलें? जो पक्षी कांहीं काळ अजिबात नसतो आणि मग एके दिवशीं येतो, त्याच्याच बाबतींत हा शब्द सार्थ होतो. वर्षाच्या पहिल्या दर्शनाचें फळ वर्षभरांत मिळावयाचें आणि पुढें रोज दिसेल त्याचें फळ त्या दिवसाच्या अखेरपर्यंतच, असा भेदहि त्यानें केला आहे. म्हणजे पहिल्या दिवसाची तिथि प्रत्येकास लक्षांत ठेवावी लागे.

त्यानंतर खंजनाचे चार प्रकार येतात. अंगानें भरलेला, मान उंच धरणारा आणि काळ्या गळ्याचा तो भद्र. त्याचें दर्शन कल्याणकारक. तोंडापासून कंठापर्यंत काळा तो संपूर्ण. तो आशा पूर्ण करतो. ज्याच्या गळ्यावर काळा ठिपका तेवढा आहे आणि गाल पांढरे आहेत तो रिक्त. तो नांवाप्रमाणेंच पाहणाऱ्याला रिकामा ठेवतो. आणि पिवळा तो गोपीत. तो क्लेश देतो. फळांचा भाग सोडून द्या आणि पक्ष्यांचें वर्णन तेवढें ठेवा. आज शेतांत दुर्बीण घेऊन हिंडणारा मनुष्य या चार ओळींवरून पक्षी ओळखूं शकेल. संपूर्ण म्हणजे मुखवटा घातल्यासारखें डोकें असणारा, हिंदुकुश व तिएनशान या पर्वतांकडून येणारा धोबी असावा, असें आम्हांस वाटतें. गोपीत म्हणजे पिवळा धोबी याविषयीं तर संशयास जागाच नाहीं. हा पिवळा पक्षी चरणाऱ्या गुरांच्या पायांशीं घोटाळून त्यांच्या खुरांनीं उडणारे किडे टिपतो. त्याच्या नांवांतला 'गो' तेथूनच आला असेल काय, असाहि एक विचार मनांत येतो.

जागांची यादी मोठी गमतीची आहे. फुललेलीं व फळलेलीं झाडें, स्वच्छ जलाशय, देवळाचें शिखर, गोठा, यज्ञशाळा, हत्तीघोड्यांचीं मस्तकें येथें तो बसलेला दिसणें चांगलें. रेडा, उंट, गाढव, हाडें, स्मशान, घराचा कोपरा, खडे, तट, राख, केस यांवर दिसणें वाईट. सूर्योदयीं दिसला तर उत्तम, सूर्यास्तास दिसला तर अनिष्ट. पंख झाडीत असला तर अशुभ, नदीवर पाणी पीत असला तर शुभ. जो ज्या जागेवर त्या पक्ष्यास वरचेवर पाहतो त्यालाच अशी यादी करतां येते. तटावर, खड्यांत, गाढवाच्या पाठीवर बसलेला धोबी ही कविकल्पना नव्हे, तें पाहिलेलें दृश्य आहे. गाढव जेथें धुणें वाहून नेतें तेथें तर तो असावयाचाच. आणखी एक समजूत वराहमिहिरानें नमूद केली आहे. खंजनाचें जोडपें जेथें मीलन करील त्या जागीं भूमींत ठेवा असतो, जेथें तो ओकेल तेथें कांच आणि जेथें विष्ठा टाकील तेथें कोळसा. यावर आचार्यांची मल्लिनाथी अशी कीं, कुतूहल शमविण्यासाठीं जमीन खणून पाहावी. हें वाक्य लिहितांना त्यांच्या चेहऱ्यावर काय भाव होता तें पाहावयास मिळालें असतें तर फार बरें झालें असतें! बाहेरून येणारा खंजन आमच्या सपाट मुलुखांत वीण करीतच नाहीं. त्याचें लग्नकार्य सगळें दूर उत्तरेस. त्यामुळें या उपायानें ठेवा सांपडलेल्या माणसाची गोष्ट कोणीं लिहून ठेवली नसेल तर नवल नाहीं.

येथें आम्हांस आमचें एक अनुमान पुढें मांडावयाचें आहे. गेलीं कांहीं वर्षें आम्ही पहिल्या धोब्याची तारीख एका वहींत टिपतों आणि त्याच्या गळ्याचा रंगहि टिपतों. दर वर्षीं पहिला पक्षी पांढऱ्या गळ्याचा आणि छातीवर काळी चंद्रकोर असलेला, म्हणजे वराहमिहिराच्या शब्दांत रिक्त निघतो. भद्र किंवा संपूर्ण कधींच नाहीं. आरंभीं आम्हांस आमच्या नशिबाची शंका आली. मग पक्षिशास्त्राचीं पुस्तकें उघडल्यावर उलगडा झाला. विणीचा हंगाम आटोपला कीं हे पक्षी निघण्यापूर्वीं पिसें टाकतात. गळ्याचीं काळीं पिसें जाऊन पांढरीं येतात, आणि त्या वर्षाचीं पिलें तर काळ्या गळ्याचीं नसतातच. पुढें माघफाल्गुनांत, परत जाण्याच्या सुमारास, गळा पुन्हा काळा होऊं लागतो. म्हणजे शरदांतलें प्रथम दर्शन बहुतेक रिक्ताचेंच व्हावयाचें. भद्र दिसावयाचा तो निरोपाच्या वेळीं. अवंतीच्या राजाला आश्विनांत वारंवार अशुभ खंजन दिसत असला पाहिजे, आणि म्हणूनच कीं काय, अध्यायाच्या शेवटीं तोडगा दिला आहे: अशुभ खंजन पाहूनहि जो राजा द्विज, गुरु, साधु व देव यांच्या पूजनांत रत राहील आणि सात दिवस मांस खाणार नाहीं त्याला तें फळ बाधत नाहीं. दोष पक्ष्याचा नव्हता आणि राजाचाहि नव्हता. पिसें बदलण्याच्या काळाचा होता. परंतु हें कळण्यासाठीं दर्शनाबरोबर त्याची तारीख आणि पक्ष्याचें रूप वर्षानुवर्षें शेजारीं शेजारीं लिहावयास हवें होतें. फळ लिहिलें गेलें, तारीख राहिली.

शरद हा स्वाऱ्यांचा ऋतु. नीराजनाच्या विधीनंतर, म्हणजे घोडे, हत्ती व शस्त्रें यांची ओंवाळणी झाल्यावर, राजास खंजन ज्या दिशेस जातांना दिसेल त्या दिशेनें कूच केलें असतां शत्रु लौकर वश होतो, असें याच अध्यायांत आहे. आपल्याकडे दसऱ्यास सीमोल्लंघन करून फौजा मुलूखगिरीस निघत, त्याच सुमारास धोबी, बदकें, पाणलावे हे आपल्या मुलुखांत शिरत. एकाच पंधरवड्यांत एक सैन्य बाहेर पडे आणि दुसरें आंत येई. पहिल्याच्या मजलदरमजल हकीकती आमच्याजवळ दप्तरें भरून आहेत. दुसऱ्याची दखल घेण्याचा रिवाज कारकुनांचा नव्हता. दसऱ्यास चासाचें, म्हणजे नीळकंठाचें, दर्शन घेण्याची चाल मात्र पुष्कळ ठिकाणीं अजून आहे, आणि तीहि मुळांत शरदांतल्या पक्षिदर्शनाचीच चाल होय. पावसाळ्यांत कोंकणपट्टींत न दिसणारा चास तेव्हांच तारेवर येऊन बसतो.

मग पावसाळ्यांत खंजन जातो कोठें? उत्तर हिंदुस्थानांत अशी लोकसमजूत आहे कीं, त्या दिवसांत त्याच्या डोक्यावर शेंडी फुटते आणि शेंडी फुटली कीं तो अदृश्य होतो. तो येथेंच असतो, फक्त दिसत नाहीं. हें ऐकून हंसावयाचें असेल तर युरोपासहि त्या हंसण्यांत वांटा द्यावा लागेल. ॲरिस्टॉटलपासून पुढें दोन हजार वर्षें तिकडे असें मानीत कीं, कित्येक पक्षी हिंवाळाभर बिळांत निजतात; पाकोळ्या तळ्याच्या चिखलांत दडून राहतात असेंहि म्हणत. गिल्बर्ट व्हाइट यांच्यासारख्या अत्यंत सूक्ष्म निरीक्षकाचा सेलबर्नवरील ग्रंथ १७८९ सालीं निघाला, त्यांतसुद्धां पाकोळ्यांच्या या निद्रेचा प्रश्न निकालांत निघालेला नाहीं. १८२२ सालीं उत्तर जर्मनींतील मेक्लेनबुर्ग येथें एक करकोचा मारला गेला. त्याच्या मानेंत मध्य आफ्रिकेंतला भाला आरपार रुतलेला होता. तो पेंढा भरलेला पक्षी रोस्टॉकच्या विद्यापीठांत ठेवला आहे. असा भाला मानेंत घेऊन कोणी बोलका साक्षीदार येईपर्यंत शहाण्या माणसांचाहि निश्चय होत नव्हता, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे शेंडीची कल्पना फारशी वेडगळ वाटत नाहीं.

तथापि आमच्या कवींना याहून पुष्कळ अधिक ठाऊक होतें. मेघदूतांतला यक्ष रामगिरीवर आहे; पुष्कळांच्या मतें तो आमच्या विदर्भांतला रामटेकच. तेथून तो मेघाला सांगतो कीं, तुझी गर्जना ऐकून मानसाकडे जावयास उत्सुक झालेले राजहंस कैलासापर्यंत तुझी सोबत करतील. आणि पुढें हिमालयांतून पलीकडे जाणाऱ्या ज्या खिंडीचें नांव तो घेतो तिला हंसांचें द्वारच म्हटलें आहे. पावसाच्या तोंडावर उत्तरेकडे, पर्वत ओलांडून, तळ्यांवर: काळ, दिशा, मार्ग आणि मुक्काम हीं चारीहि कालिदासानें दिलीं आहेत. पट्टे असलेल्या डोक्याचा जो हंस हिंवाळ्यांत उजनी किंवा जायकवाडीच्या जलाशयांवर येतो तो खरोखरच तिबेटच्या पठारावरील सरोवरांकाठीं अंडीं घालतो. तुलसीदासांनींहि रामचरितमानसांतील किष्किंधाकांडांत शरद आल्याची खूण म्हणून खंजनांचें आगमन सांगितलें आहे. एकाला जावयाची वाट माहीत, दुसऱ्याला यावयाचा ऋतु माहीत, ज्योतिष्याला गळ्याचा रंग माहीत. पण हे तिघे एका ओसरीवर बसून बोलले नाहींत.

खंजनाचें पुढचें प्रकरण मराठी मुलुखांतच घडलें, आणि तें आम्हांस सर्वांत अधिक मनोरंजक वाटतें. पेशवाई बुडाल्यावर मुंबई सरकारनें दख्खनची सर्व प्रकारची माहिती गोळा करण्याचें काम १८२४ सालीं विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याकडे सोंपविलें. लोकसंख्या, जमिनी, पिकें, हवामान यांचीं कोष्टकें तयार करतां करतां या गृहस्थानें मासे, पशु आणि पक्षीहि जमविले. दख्खनच्या पक्ष्यांची त्याची सूची १८३२ सालीं लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढें आली. तिच्यांत त्यानें दोन धोब्यांस नवीं शास्त्रीय नांवें दिलीं. पांढऱ्या धोब्यास त्यानें म्हटलें 'दुखुनेन्सिस', म्हणजे दख्खनचा. 'दुखुन' हें त्या काळच्या इंग्रजांचें दख्खन. आणि पिवळ्या धोब्यांतील एकास म्हटलें 'बीमा'. ही बीमा म्हणजे आमची भीमा. पंढरपुरास जिचा प्रवाह चंद्रकोरीसारखा वळतो म्हणून जिला आम्ही चंद्रभागा म्हणतों, तीच.

साइक्सनें पक्षी येथें पाहिले, म्हणून येथील नांव दिलें. तें स्वाभाविकच होतें. परंतु पुढें शोध होत गेले तसें दिसून आलें कीं, हे दोघेहि दख्खनचे नव्हत. दुखुनेन्सिसचें घर पश्चिम सैबीरियाच्या मैदानांत. बीमाचें घर व्होल्गेच्या पूर्वेस, कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशांत आणि दक्षिण सैबीरियांत. तेथें ते घरटीं बांधतात, तेथें गातात, तेथें मुलेंबाळें वाढवितात. परंतु शास्त्रांत असा दंडक आहे कीं, पहिल्यानें दिलेलें नांव नियमानुसार असेल तर तें चालवावें, चुकीच्या पत्त्यावरून दिलेलें असलें तरीहि. प्रवाशाच्या गांवाचा पत्ता लागला नाहीं म्हणून धर्मशाळेच्या चोपडींत धर्मशाळेचेंच नांव त्याच्या नांवापुढें लिहावें आणि तेंच पुढें त्याचें आडनांव होऊन बसावें, तशांतला हा प्रकार. आज जातींऐवजीं त्यांस उपजाती मानतात, पण नांवें तींच आहेत. कझाकस्तानांतला एखादा विद्यार्थी आपल्या गांवच्या कुरणांतला पिवळा पक्षी वहींत लिहितो तेव्हां आमच्या नदीचें नांव लिहितो. ती नदी कोठें आहे हें त्याला बहुधा ठाऊक नसावें. आणि आमच्यांतल्या किती जणांस ठाऊक आहे कीं, वराहमिहिराचा क्लेशकर गोपीत आणि भीमेचें नांव घेऊन हिंडणारा हा पाहुणा एकाच कुळांतले? पंढरीच्या वाळवंटावर त्यास अशुभ म्हणण्याचें धाडस आम्हांस तरी होत नाहीं.

साइक्सनंतरच्या पिढींत नोंदी वाढल्या. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचें नांव राष्ट्रीय सभेमुळें आपणांस परिचित आहे. पण सभेच्या स्थापनेपूर्वीं ते हिंदुस्थानांतील पक्षिशास्त्राचे अध्वर्यु होते. 'स्ट्रे फेदर्स' नांवाचें त्यांचें नियतकालिक होतें. गांवोगांवचे अधिकारी, डॉक्टर, इंजिनिअर त्यांस आपापल्या भागांत कोणता पक्षी केव्हां दिसला तें लिहून पाठवीत. डेव्हिडसन व वेंडन या दोघांचा दख्खनच्या पक्ष्यांवरील लेख १८७८ सालीं त्यांतच आला. ह्यूमसाहेबांनीं पंचवीस वर्षें जमविलेल्या टिपणांवरून एक मोठा ग्रंथ लिहावयाचा संकल्प केला होता. १८८५ च्या सुमारास ते हिंवाळ्यांत सिमल्याबाहेर असतां त्यांच्या घरांतील एका नोकरानें तीं टिपणें रद्दीच्या भावानें बाजारांत विकून टाकलीं. ग्रंथ राहिला. जमविलेले सुमारें ८२ हजार पक्ष्यांचे नमुने त्यांनीं ब्रिटिश म्यूझियमला देऊन टाकले आणि या विषयांतून मन काढून घेतलें. सिमल्याच्या बाजारांत त्या कागदांच्या पुड्यांतून कोणीं जिरें नेलें असेल, कोणीं हळद. कोणत्या गांवीं कोणत्या वर्षीं कोणता पक्षी पहिल्यानें उतरला तें त्या पुड्यांबरोबर गेलें.

मुंबईस १८८३ सालच्या सप्टेंबरच्या १५ तारखेस आठ गृहस्थांनीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली. आठांतले दोघे आमचे: प्रार्थनासमाजाचे पहिले अध्यक्ष डॉ. आत्माराम पांडुरंग, आणि डॉ. सखाराम अर्जुन. पुढें ज्यांचा खटला गाजला त्या रखमाबाईंचे डॉ. सखाराम अर्जुन हे सावत्र वडील. सुधारणेच्या इतिहासांत त्यांचें नांव येतें, निसर्गाच्या इतिहासांत येत नाहीं, म्हणून मुद्दाम लिहिलें. या संस्थेच्या विद्यमानें १९२६-२७ च्या सुमारास पवारांच्या धार संस्थानांत रानबदकांच्या पायांत धातूच्या कड्या घालून तीं सोडण्यास आरंभ झाला. ही युक्ति १८९९ सालीं डेन्मार्कमधील मोर्टेन्सन नांवाच्या शिक्षकानें प्रथम पद्धतशीरपणें योजिली. कांहीं कड्या सैबीरियांतून परत कळल्या. करकोच्याच्या मानेंतला भाला जें सांगून गेला तें आतां पायांतली एक हलकी कडी सांगूं लागली. १९५९ नंतर डॉ. सालीम अली यांच्या नेतृत्वाखालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें हें काम फार मोठ्या प्रमाणावर झालें आणि त्यांत धोब्यांच्याहि पायांत कड्या पडल्या. दोन तोळे वजन ज्याचें जेमतेम भरेल तो जीव आमच्या वाळवंटापासून सैबीरियापर्यंत वर्षांतून दोनदां ये-जा करतो, हें आतां अनुमान राहिलेलें नाहीं.

मग तारखा लिहिण्याची एवढी मातबरी आतां कशाला, असें कोणी विचारील. २०२३ सालीं हिंदुस्थानांतील पक्ष्यांच्या स्थितीविषयीं अनेक संस्थांनीं मिळून एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत ९४२ जातींचा विचार केला आहे. परंतु पंचवीसतीस वर्षांमागच्या मानानें संख्या वाढली कीं घटली, हें त्यांपैकीं केवळ ३३८ जातींविषयींच सांगतां आलें. आणि त्या ३३८ पैकीं २०४ घटल्या आहेत. बाकीच्यांविषयीं पंडितांनीं मौन धरलें, कारण मागचे आंकडेच पुरेसे नाहींत. जहांगीर बादशहाच्या पदरच्या उस्ताद मन्सूरनें सैबीरियांतून येणाऱ्या पांढऱ्या क्रौंचाचें चित्र काढून ठेवलें. पुढें भरतपुरास येणाऱ्या या पक्ष्यांची दर हिंवाळ्यास मोजदाद होत गेली. म्हणूनच २००१-०२ च्या हिंवाळ्यानंतर तो आला नाहीं हें देशास कळलें. धोबी हा अजून सगळीकडे दिसणारा, म्हणूनच कोणी न मोजणारा पक्षी. उद्यां तो पंधरा दिवस उशिरां येऊं लागला, किंवा दहांच्या जागीं चार येऊं लागले, तर तें ताडून पाहावयास आमच्या घाटाचा मागचा हिशेब कोठें आहे? तो एका वृद्ध परिटाच्या डोक्यांत होता.

नदीकांठचें रूपहि पालटत आहे. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झाल्यापासून भीमेचें पाणी वरच्या अंगास पसरून उभें असतें. त्याच्या कडेच्या चिखलावर हिंवाळ्यांत रोहित, हंस, बदकें यांचे थवे उतरतात. हा लाभ नाकारतां येत नाहीं. भोंवतालचा उंस पिवळ्या धोब्यांच्या पथ्यावर पडला आहे, कारण रात्रीं थव्यानें वस्ती करावयास त्यांना वेताचें किंवा उंसाचें रान आवडतें. संध्याकाळीं बांधावर उभें राहिलें म्हणजे चहूंकडून दोनदोन चारचार करीत ते येतात आणि पाचटांत शिरून नाहींसे होतात. उलट, घाटावरचा दगड आणि त्याभोंवतालची उथळ ओल हीं पांढऱ्या धोब्याचीं खास स्थानें; कपडे आतां घरोघर यंत्रांत धुतले जातात आणि दगड कोरडे पडतात. फायदातोटा वजनाच्या कांट्यावर कसा बसेल तें आजच सांगणें अवघड आहे.

एक समाधानाची गोष्ट सांगितली पाहिजे. सोलापुरांत जन्मलेले, जंगलखात्यांत आयुष्य घालवून पक्ष्यांचीं मराठी नांवें गांवोगांवच्या लोकांच्या तोंडून वेंचून कोशांत आणणारे मारुती चितमपल्ली २०२५ सालीं निवर्तले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालीम अलींचा १२ नोव्हेंबर. हा आठवडा महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं पक्षिसप्ताह म्हणून ठरविला. योगायोगानें तो ऐन स्थलांतराच्या दिवसांत येतो. शाळांतून व्याख्यानें होतात, चित्रें काढतात, आणि कांहीं मुलें सकाळीं तळ्यावर जाऊन याद्या करतात. मुलांच्या त्या वेड्यावांकड्या अक्षरांतल्या याद्या जपून ठेवाव्या, एवढीच आमची शिक्षकमंडळीस विनंती. रद्दीचा भाव पूर्वींपेक्षां आतां बराच चढला आहे.

आमची वही लहान आहे. गेल्या फाल्गुनांत एके दिवशीं सूर्योदयास आम्ही वाळवंटावर गेलों असतां प्रवाहाच्या कडेस एकच धोबी होता. गळा हनुवटीपासून छातीपर्यंत काळाभोर, मान उंच, आणि तो पाणी पीत होता. भद्राचीं लक्षणें, नदीचें स्थान, उगवतीची वेळ, सगळें शास्त्राप्रमाणें जुळलें होतें. परंतु तें वर्षाचें प्रथम दर्शन नव्हतें, तेव्हां त्याचें फळ दिवस मावळेपर्यंतचें. आम्हीं तारीख टाकली आणि घरीं आलों. दुसऱ्या दिवशीं तो तेथें नव्हता. तिसऱ्या दिवशींहि नव्हता. त्या नोंदीखालीं आम्हीं भाद्रपदापर्यंतचें पान कोरें सोडलें.